हातपंप कोणत्या गल्लीत?

आदर्श गाव पाहून येण्याची आपल्याकडे आता एक रीतच पडली आहे. सुगी आटोपली की एक बस ठरवायची, भाकरी-चटणी बांधून घ्यायची, नगर जिल्ह्यातील दोन गावे पाहायची आणि तिसऱ्या दिवशी घरी यायचे. यात वाईट काही नाही. पाहिल्याशिवाय माणसाला पटत नाही, आणि शेतकऱ्याला तर मुळीच नाही. परंतु परत आलेल्या मंडळींना 'काय पाहिलेत?' म्हणून विचारावे, तर उत्तरे ठरलेली असतात. झाडे किती लावली, बांध किती घातले, मे महिन्यात विहिरीला किती फूट पाणी होते. कोणी दूध डेअरीचे लिटर सांगतो, कोणी शाळेच्या इमारतीचे वर्णन करतो. ही सारी फळे झाली. झाडाला पहिले पाणी कोणी घातले आणि त्या पाण्यावर कोणाच्या घागरीला आधी वाट मिळाली, हे विचारून येणारा मात्र विरळा.

मला विचाराल तर सुधारलेल्या म्हणविणाऱ्या कोणत्याही गावाची परीक्षा पाहण्यास एक प्रश्न पुरतो. गावात जे पहिले चांगले काम झाले, ते कोणत्या गल्लीत झाले? पाटील गल्लीत सुरू झालेले काम वेशीबाहेरच्या वस्तीपर्यंत पोहोचता पोहोचता त्याचा पैसाही संपतो आणि हुरूपही संपतो. वस्तीत सुरू झालेले काम पाटील गल्लीपर्यंत जाणारच, त्याची काळजी कोणी करावयास नको. तेथील माणसे ते ओढून नेण्यास समर्थ असतात.

हा प्रश्न विचारावयास शिकविले ते जामखेडने. जामखेड हे त्याच नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर आहे) एक कोरडे तालुक्याचे ठिकाण. आपल्या सहलीच्या बसगाड्या तेथे सहसा जात नाहीत. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. नगर जिल्ह्यातच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षे काम केले. तेथे त्यांना दिसले ते असे, की औषध देऊन घरी पाठविलेले मूल काही महिन्यांनी तेच दुखणे घेऊन परत येते, कारण ज्या पाण्याने ते आजारी पडले तेच पाणी ते घरी जाऊन पीत असते. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते दोघे परतले आणि १९७० साली जामखेडला आले. लगेच १९७२ चा दुष्काळ उभा राहिला. गावकरी म्हणाले, डॉक्टर, औषध नंतर बघू, आधी पोटाचे आणि पाण्याचे बोला. डॉक्टरांनी ते ऐकले. लहान मुलांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला आणि मग विंधण विहिरी घेण्याचे ठरले.

येथे डॉक्टरांनी जे केले ते मला मोठे वाटते. पाण्याची जागा दाखविणाऱ्या जाणकारास त्यांनी सांगून ठेवले, की जागा दलित वस्तीच्या आसपास शोधाव्यात. पाणी लागले, हातपंप बसले, आणि गावातील इतर विहिरी तर कोरड्या. मग सवर्णांच्या बायकांना घागर घेऊन त्या वस्तीत जाण्यावाचून दुसरा उपाय राहिला नाही. अस्पृश्यतेवर भाषण झाले नाही, पत्रक निघाले नाही, कोणाला दंड झाला नाही. रांगेत उभे राहावे लागले, एवढेच. आज एका दांड्याला हिचा हात, थोड्या वेळाने तिचा. काही दिवसांनी दांडा कोणी आधी धरला हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

पाण्यावरून आपल्या देशात काय काय घडले आहे हे वाचकांस ठाऊक आहेच. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांच्या लोकांना मार खावा लागला. आणि आपल्या शुभवर्तमानात तर प्रभू स्वतः विहिरीवर बसून शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांच्या भांड्याला शिवत नसत. ते पाणी मागणे त्या बाईलाच चमत्कारिक वाटले. या उताऱ्यावर आम्ही धर्मगुरू उपवासकाळात 'जिवंत पाण्या'विषयी पुष्कळ बोलतो. ते योग्यच आहे. पण विहिरीवरचे साधे पाणी आणि दुसऱ्याची घागर, हेही त्या उताऱ्यात आहे, ते प्रवचनात अनेकदा राहून जाते.

जामखेडची दुसरी गोष्ट आरोग्याची. प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावांत पाठवून पाहिल्या. परिचारिका गावात राहावयास तयार नसत, आणि राहिल्या तरी गावच्या बायका त्यांचे ऐकत नसत. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी असे ठरले. निवडलेल्या बायकांपैकी कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्यांनी जामखेडला यावे, एकत्र जेवावे, एकत्र राहावे, शिकावे आणि परत जाऊन गावात ते सांगावे. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, मुलांचे वजन, हगवणीवर घरचे पाणी, क्षय आणि कुष्ठरोग्याला घराबाहेर न काढता औषध पुरे करविणे, हे त्या शिकल्या. ज्या बाईची सावली नको, तीच बाई बाळंतिणीच्या खोलीत आणि तिचाच हात नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या अंगाला, असे होऊ लागले. हा हातपंपाचाच दुसरा प्रकार होय. ज्ञान जेथे असेल असे कोणाला वाटत नव्हते, तेथे नेऊन ठेवले, म्हणजे त्या ज्ञानासाठी गाव तेथे चालत आले. १९७० च्या सुमारास त्या भागात हजार बाळांमागे पावणेदोनशेच्या घरात बाळे वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण तिसाच्या खाली आले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात जामखेडची हकीगत घेतली आणि १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये वारल्या, रजनीकांत २०११ मध्ये.

हगवणीचा उल्लेख आलाच आहे, तर पावसाळ्यापूर्वी पुन्हा सांगून ठेवतो. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त कदापि घालू नये. प्रत्येक जुलाबानंतर मुलाला थोडे थोडे पाजत राहावे आणि अंगावरचे दूध मुळीच तोडू नये. मूल ग्लानीत गेले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. दुकानात मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी घरात असेल तर अधिक चांगले.

आता ज्या गावांना आपल्या बसगाड्या जातात त्यांच्याविषयी. राळेगणसिद्धीला अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन परत आले. पाऊस तुटपुंजा, आणि गाव हातभट्ट्यांसाठी प्रसिद्ध. त्यांनी आपल्या फंडाच्या पैशातून यादवबाबांचे देऊळ नीट केले, तेथे लोकांना जमविले, श्रमदानातून पाझर तलाव, नालाबांध, समतल चर केले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. पाणी जमिनीत मुरले आणि विहिरी वर आल्या. हे काम खरे आहे आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु दारू पिणाऱ्यास देवळासमोर खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने मारीत, ही गोष्टही खरी आहे, आणि आपल्याकडील काही मंडळी तेवढीच गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात! 'फादर, असा एक माणूस आपल्या गावात पाहिजे,' असे मला अनेकदा ऐकविले गेले आहे. मला तसा माणूस नको आहे. ज्याला मारले तो बहुधा मजूर असतो, आणि ज्याच्या दुकानातून तो पिऊन आला त्याला कोणी खांबाला बांधीत नाही. शिवाय चाबकाने सुटलेली दारू चाबूकवाला म्हातारा होईपर्यंत सुटलेली राहते. त्या गावातील दलितांचे कर्ज गावाने त्यांच्या शेतात राबून फेडले, असे सांगतात, ते थोरच. पण त्या सगळ्या घडामोडीत दलितांचा स्वतःचा आवाज किती होता, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला आहे. तो आक्षेप डावलून पुढे जाऊ नये.

दारूबाबत चाबकापेक्षा मतपेटी मला अधिक पसंत आहे. महाराष्ट्रात २००८ च्या नियमाप्रमाणे गावातील किंवा वॉर्डातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले, की तेथील परवान्याचे दुकान बंद होते. सीमेपलीकडे आपले नातेवाईक आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे. गुप्त मतदान असल्याने नवऱ्याचा मार खाणारी बाईसुद्धा तेथे निर्भयपणे शिक्का मारू शकते. आपल्या कर्नाटकात २००७ साली अरॅक बंद झाली, पण पिणाऱ्याने दुसरी वाट शोधली, हे आपण रोज पाहतोच. आणि दुसऱ्यांच्या दारूविषयी बोलताना आपल्या घरातली बाटली झाकून ठेवता येणार नाही. आपल्यात लग्नाला बाटली, बारशाला बाटली, आणि मयताच्या महिन्याच्या मिस्सेनंतरही मागील दाराने बाटलीच. गावातील इतर समाजाच्या बायका दारूबंदीसाठी उभ्या राहिल्या, की आपल्या बायका त्यांच्यात उभ्या राहावयास ओशाळतात, त्याचे कारण हे आहे.

हिवरेबाजारचे काम मला अधिक जवळचे वाटते, कारण तेथे सोडून देण्याचा भाग ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याकडे आला. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. डोंगरावर चर खणले, झाडे राखली, चराई बंद केली, हे सारे राळेगणप्रमाणेच. पण पुढे गावाने असे ठरविले, की शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही आणि ऊस व केळी लावावयाची नाही. पाऊस किती पडला ते मोजावयाचे, त्याचा हिशोब ग्रामसभेत मांडावयाचा, माणसांना, जनावरांना आणि मग पिकांना किती पाणी पुरेल ते ठरवावयाचे. पाऊस कमी झाला तर पीकही बदलावयाचे. विचार करा, बोअर कोण घेतो? ऊस कोण लावतो? भूमिहीन नाही. म्हणजे येथे त्याग सांगितला गेला तो वरच्या पायरीवरच्या माणसाला.

आपल्या बेळगाव भागाला हे बोलणे कडू लागेल. हिरण्यकेशी, घटप्रभा आणि कृष्णा यांच्या काठाने ऊस हेच आपले पीक होऊन बसले आहे, आणि नदीपासून दूर, माळावरसुद्धा आता बोअरच्या जोरावर ऊस उभा राहतो. हिशोब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस एक एकरावर पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी झाले. ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी २० लाख लिटर. ज्वारीला साधारण ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागते, उसाला १,५०० ते २,५००. म्हणजे माळावरच्या एक एकर उसाला तीन-चार एकरांवर पडलेला सगळा पाऊस पाहिजे, आणि तोही थेंब न वाहता. हे दुसरे तीन एकर कोणाचे? ज्याची बोअर दोनशे फुटांवर आहे त्याचे. शेजाऱ्याने सहाशे फूट मारली, की पहिल्याची बोअर आटली. चोरी कोणी केली नाही, कुळकायद्याचे कलम मोडले नाही, तरी एकाचे पाणी दुसऱ्याच्या उसात गेले.

म्हणून पुरंदर तालुक्यातील पाणी पंचायतीचा विचार मला सर्वांत न्यायाचा वाटतो. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनियर आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहून ते हलले आणि नायगावच्या माळावर जाऊन राहिले. त्यांनी काढलेले नियम थोडे आहेत आणि कडक आहेत. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नसून घरातील माणसांच्या प्रमाणात, माणशी अर्धा एकर आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, म्हणून जमीन विकली तरी पाणी विकले जात नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस नाही. आणि खर्चातील पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः भरावयाचा. साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या नियमांचा प्रसार व्हावा तितका झाला नाही, याचे मला आश्चर्य वाटत नाही. झाडे लावा म्हटले की टाळ्या पडतात, भूमिहीनाला पाण्यात वाटा द्या म्हटले की सभा पांगते.

चराईबंदीचेही असेच आहे, आणि याचा विचार आपल्या लोकांनी अवश्य करावा. डोंगर राखला म्हणजे गवत येते, माती थांबते, पाणी मुरते, हे निर्विवाद. पण डोंगर बंद झाला त्या दिवशी नुकसान कोणाचे होते? चार शेळ्यांवर घर चालविणाऱ्या विधवेचे. आणि दोन-तीन वर्षांनी पाणी मुरले म्हणजे ते कोणाच्या विहिरीत उतरते? डोंगराच्या पायथ्याला ज्याची जमीन आणि विहीर आहे त्याच्या. या दोन माणसांमधला हिशोब आधी मिटविल्याशिवाय चराईबंदीचा ठराव म्हणजे गरिबाच्या शेळ्या विकून श्रीमंताची विहीर भरणे होय. बंद डोंगरावरचे गवत विळ्याने कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीन घरांना, चर खणण्याची मजुरी पहिली त्यांना, आणि पहिली दोन वर्षे ज्यांच्या शेळ्या गेल्या त्यांच्या चाऱ्याची सोय विहीरवाल्यांकडून, असे लिहून घेतले तर ती बंदी टिकते. नाहीतर रात्री शेळ्या डोंगरावर जातात आणि मग आपणच म्हणतो, लोकांना समज नाही.

येशूसंघीय फादर हर्मन बाखर स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आले आणि नगर जिल्ह्याच्या माळांवर त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालविला. पाणलोटाच्या त्यांच्या कार्यक्रमात गावाने आधी श्रमदान करून दाखवावे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारावी, मगच निधीचे बोलावे, अशी पद्धत होती. आमच्या परदेशी मिशनऱ्यांनी पूर्वी दुष्काळात गहू आणि दूधभुकटी वाटली, त्याने जीव वाचले, परंतु त्याबरोबर एक सवयही लागली : फादर देतील. बाखर यांनी ती सवय मोडून काढली. आणि काम माथ्यापासून पायथ्याकडे करावयाचे, म्हणजे पहिला चर डोंगरमाथ्यावर, जेथे सहसा गरिबाचीच खडकाळ जमीन असते. ओढ्यातला सिमेंटचा बंधारा सर्वांत शेवटी. आपल्याकडे पंचायतीचे काम पाहा, बंधारा आधी बांधतात, कारण त्यावर नाव कोरता येते. वरच्या रानात चर नसल्यामुळे दोन पावसांत तो गाळाने भरतो.

आता आपल्या धर्मग्रामाचे बोलू. मुंबईला आणि आखाती देशांत असलेल्या आपल्या काही मुलांनी चर्चच्या आवारात बोअर मारून त्यावर टाकी बांधण्यासाठी पैसे देऊ केले आहेत, हे सर्वांना कळले आहेच. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी जाणतो आणि त्याबद्दल त्यांचा आभारी आहे. परंतु ही बोअर आवारात न घेता ओढ्यापलीकडच्या वस्तीजवळ घ्यावी, असे माझे मत मी पॅरिश कौन्सिलपुढे मांडले आहे. तेथील घरांतून आजही बायका उन्हाळ्यात दोन फेऱ्या ओढा ओलांडून पाणी आणतात. त्यांतील बहुतेक घरे ख्रिस्ती नाहीत, दोन-तीन आहेत. आपल्या आवारात तर एक आड आहे आणि तो एप्रिल अखेरपर्यंत पुरतो.

यावर जे आक्षेप आले त्यांतील एक असा, की पैसे आपल्या लोकांचे, मग पाणी परक्यांना का? मी विचारतो, परके म्हणजे कोण? आपल्या शेतात भांगलण करावयास येतात ते, की आपल्या मयताला खड्डा खणावयास येतात ते? गावाची सुधारणा ख्रिस्ती लोकांपुरती करता येत नाही. हगवणीचा जंतू नाव विचारून घरात शिरत नाही, आणि वस्तीत मूल आजारी पडले की आठ दिवसांत ते दुखणे आपल्या शाळेत येते. दुसरा आक्षेप असा, की तेथे पंपाची देखभाल कोण करील, आवारात निदान कुलूप लावता येते. कुलूप लावता येते हेच मला खटकते. किल्ली कोणाकडे राहणार? सिस्टरांकडे, किंवा माझ्याकडे. म्हणजे गावाला पाण्यासाठी माझ्या वेळेची वाट पाहावी लागणार. देखभालीसाठी वस्तीतीलच दोन बायकांना पान्हा हाती देऊन शिकवावे, प्रत्येक घराने महिन्याला ठरावीक वर्गणी जमवावी, आणि हिशोब वस्तीतच फळ्यावर लिहावा. पैसे घेऊन वापरलेली वस्तू माणूस जपतो.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलले नाही, पण तो मला माहीत आहे. ओढ्यापलीकडे जाऊन पाणी भरावे लागले तर? आपल्या ख्रिस्तसभेत जातिभेद नाही असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. भारतातील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे आपले धोरण जाहीर केले, त्यातच हे दुखणे ख्रिस्तसभेच्या आत आहे असे कबूल केले आहे. आपल्याकडे बाकांवर नावे नाहीत, पण कोण कोणत्या बाकावर बसतो हे डोळे मिटूनही सांगता येईल. सोयरीक जुळविताना काय विचारले जाते तेही मी ऐकतो. मिस्सेत सगळ्यांना एकाच भाकरीचा वाटा द्यावयाचा आणि बाहेर आल्यावर पाणी वेगवेगळ्या गल्लीत प्यावयाचे, हे मला सांभाळता येत नाही.

आमच्या सेमिनरीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दस्तऐवज शिकविले, सामाजिक शिकवणीची विश्वपत्रे शिकविली, त्यांचे मला मोल आहे. पण गावाची सभा चालू असताना धर्मगुरूने कोठे बसावे हे तेथे शिकवीत नाहीत. माझे मत, मागल्या रांगेत. फादरने बोलाविलेली सभा ही फादरचीच सभा होते, आणि फादरची बदली झाली की तीही गावाबाहेर जाते. आपल्या कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत कायद्यात ग्रामसभेच्या आधी वॉर्ड सभा सांगितली आहे. तेथे गल्लीतल्या माणसाला बोलावयाचा हक्क आहे. किती जण जातात? पुरुषांच्या सह्या नंतर घरी फिरून घेतल्या जातात असे ऐकतो, आणि बायकांना सभा झाल्याचेही कळत नाही. २०१० पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी कागद नवऱ्याच्या खिशात. आपल्या महिला मंडळाने जपमाळेच्या प्रार्थनेनंतरचा अर्धा तास वॉर्ड सभेत काय मागावयाचे ते ठरविण्यास द्यावा, अशी माझी विनंती आहे. आणि त्या बैठकीस ओढ्यापलीकडच्या बायकांना बोलवावे, आपल्या घरी नव्हे, त्यांच्या अंगणात जाऊन बसावे.

बोअर मारण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी व्हाव्यात. पाणी लागले तरी ते तपासल्याशिवाय पिऊ नये. कर्नाटकात पुष्कळ ठिकाणी खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असते, त्याने लहान मुलांचे दात डागाळतात आणि पुढे हाडे व सांधे धरतात. हे पाणी उकळून सुधारत नाही, उलट आटल्याने फ्लोराइड दाट होते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे बोअरच्या वरच्या अंगाला माळावर चर खणले पाहिजेत, नाहीतर चार वर्षांत हिचीही गत इतरांसारखी होईल. त्या चरांचे श्रमदान आपण करावे. ऊसवाल्या घरांनी माणशी दोन दिवस जास्त द्यावेत, हे मी मुद्दाम लिहीत आहे, रागावू नये.

शाळेच्या व्हरांड्याबाहेर उघड्यावर सरळ कडांचा एक डबा ठेवून रोज सकाळी आठ वाजता त्यातील पाणी मोजपट्टीने मोजावे आणि फळ्यावर लिहावे, असे मुलांना सांगितले आहे. जूनपासून सुरुवात होईल. पाण्याची जागा पाहणारे गृहस्थ ईस्टरनंतरच्या आठवड्यात येणार आहेत. त्यांना कोठे न्यावयाचे याचा निर्णय कौन्सिलने त्यापूर्वीच्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर घ्यावयाचा आहे. सभा सर्वांना खुली आहे, ओढ्यापलीकडच्या घरांनाही निरोप गेला आहे.